परीक्षेविना पदवी

परीक्षा न देता पदवी मिळवण्याची कायदेशीर सोय मुंबई विद्यापीठात १८८४ पासून आहे. विद्यापीठ त्याआधी सत्तावीस वर्षं चालू होतं, पण परीक्षा घ्यायची आणि उत्तीर्ण होणाऱ्यालाच पदवी द्यायची, एवढीच मुभा जुन्या कायद्यात होती. कोलकात्याला ही अडचण थोडी आधी जाणवली. इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर यायचे होते, त्यांना पदवी देऊन गौरवावं असं ठरलं आणि कायद्यात तशी तरतूदच नाही हे लक्षात आलं. मग १८७५ मध्ये खास त्यासाठी एक छोटा कायदा झाला. १८७६ च्या जानेवारीत युवराज ‘डॉक्टर ऑफ लॉ’ झाले. त्याच वर्षी मोनियर विल्यम्स, कृष्णमोहन बॅनर्जी आणि राजेंद्रलाल मित्र यांनाही कोलकाता विद्यापीठाने तीच पदवी दिली. यातले पहिले संस्कृतचे कोशकार, दुसरे अनेक भाषांचे पंडित, तिसरे प्राचीन ग्रंथ आणि शिलालेख यांत आयुष्य घालवलेले संशोधक. पहिल्याच पंगतीला दोन प्रकारचे पाहुणे शेजारी बसले होते. एकाला जन्माने मिळालेल्या स्थानामुळे पाट मिळाला होता, बाकीच्यांना कामामुळे.

१८८४ च्या कायद्याने हीच सोय तिन्ही जुन्या विद्यापीठांना दिली, पण फक्त कायद्याच्या डॉक्टरेटपुरती. संस्कृत, प्राकृत आणि इतिहासात हयात घालवलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना मुंबई विद्यापीठाने १९०४ मध्ये एलएल.डी. का दिली, याचा उलगडा इथे होतो. देण्याजोगी मानद पदवी तेवढी एकच होती. त्याच साली आलेल्या भारतीय विद्यापीठ कायद्याच्या सतराव्या कलमात मात्र सगळी रीत नीट बांधून दिली गेली. कुलगुरू आणि सिंडिकेटचे किमान दोन-तृतीयांश सदस्य यांनी शिफारस करायची, सिनेटच्या बैठकीला हजर असलेल्या फेलोंपैकी दोन-तृतीयांशांनी पाठिंबा द्यायचा, कुलपतींनी शिक्कामोर्तब करायचं, आणि मग त्या व्यक्तीला परीक्षेला न बसवता पदवी द्यायची. शिफारशीचा आधार काय, तर त्या व्यक्तीचं थोर पद आणि कर्तृत्व. आज अनेक राज्यांच्या विद्यापीठ कायद्यांत थोड्याफार फरकाने हाच मजकूर सापडतो. सिंडिकेटची कार्यकारी किंवा व्यवस्थापन परिषद झाली, गव्हर्नरांचे राज्यपाल झाले, पण सांगाडा बदलला नाही.

कायदा करणाऱ्यांनी पद आणि कर्तृत्व एका दमात उच्चारलं आणि गेली सव्वाशे वर्षं विद्यापीठांची गल्लत तिथेच होत आली आहे. मला या कलमातला मतांच्या अटीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. दोनदा दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणजे नाव पडू शकतं. मानद पदवीला जे काही वजन आहे ते या ‘पडू शकण्या’तून येतं. जगभरातला या प्रथेचा इतिहास चाळला तर जिथे नकाराची खरी सोय होती तिथे होकारालाही किंमत राहिली, असंच दिसतं.

प्रथेचा उगम मात्र फारसा उदात्त नाही. ऑक्सफर्डच्या दप्तरातली सर्वांत जुनी नोंद १४७८-७९ ची आहे. लायनेल वुडव्हिल हा धर्मगुरू राजा चौथ्या एडवर्डचा मेव्हणा होता. नेहमीच्या अटी न लावता त्याला डॉक्टरेट देऊ केली गेली. राजाच्या मेव्हण्याला विद्यापीठ असं काही देऊ करतं तेव्हा हेतू शोधायला फार लांब जावं लागत नाही. राजाश्रय टिकवायचा, जमिनी आणि सवलती राखायच्या, हा व्यवहार होता. पुढे त्यात हळूहळू विद्वान आणि कलावंत आले. १७९१ मध्ये संगीतकार हायडनला ऑक्सफर्डने बोलावलं आणि त्याची एक सिंफनी त्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १८७७ मध्ये केंब्रिजने डार्विनला एलएल.डी. दिली तेव्हा विद्यार्थ्यांनी सज्जातून दोरीला बांधून एक खेळण्यातलं माकड सभागृहावर लोंबकळत सोडलं. ऑक्सफर्डने १९०७ मध्ये मार्क ट्वेनला डॉक्टरेट दिली. त्याला तो लाल झगा इतका आवडला की मुलीच्या लग्नातही तो तोच घालून उभा राहिला. देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही यात थोडी मौज वाटायची, आणि वाटायला हरकतही नाही.

मौज संपते मतदानाच्या वेळी. ऑक्सफर्डमध्ये नाव ठरवते वरिष्ठ परिषद, पण मंजुरी लागते अध्यापकांच्या मोठ्या सभेची. एरवी हा उपचार असतो. १९५६ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचं नाव आलं तेव्हा तत्त्वज्ञानाच्या अध्यापक एलिझाबेथ अॅन्सकोम उभ्या राहिल्या. हिरोशिमा आणि नागासाकीच्या निरपराध लोकांना मारण्याचा हुकूम ज्याने दिला त्याचा सन्मान करायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या बाजूने हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच माणसं होती. पदवी दिली गेली. अॅन्सकोम यांनी मग स्वतःचं म्हणणं पुस्तिका छापून लोकांपुढे ठेवलं, आणि नीतिशास्त्राच्या वर्गात ती पुस्तिका आजही वाचली जाते. पदवीदानाच्या समारंभातली भाषणं मात्र कोणाच्या लक्षात आहेत?

अध्यापकांच्या याच सभेने १९८५ च्या जानेवारीत ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं नाव फेटाळलं. थॅचर ऑक्सफर्डच्याच विद्यार्थिनी, रसायनशास्त्राच्या पदवीधर. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या युद्धोत्तर पंतप्रधानांना मानद पदवी देण्याची चाल पडून गेली होती, त्यामुळे हेही नाव सहज निघून जाईल अशी अपेक्षा होती. पण त्यांच्या सरकारने शिक्षण आणि संशोधनाच्या निधीला कात्री लावली होती. प्रयोगशाळा अडचणीत आल्या होत्या. एरवी ज्या सभेला मोजकी डोकी दिसायची तिथे हजाराहून अधिक अध्यापक आले आणि ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी प्रस्ताव पडला. विरोधकांचा सूर असा होता की पंतप्रधानपदावरच्या प्रत्येकाला पदवी द्यायची असेल तर तो सन्मान राहत नाही, तो रिवाज होतो. समर्थकही काही चुकीचं बोलत नव्हते. आपल्याच विद्यार्थिनीला, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधानांना, केवळ धोरण पटत नाही म्हणून नाकारणं हा कोतेपणा आहे, असं ते म्हणत होते. थॅचर यांच्या बाजूने उत्तर आलं ते असं, की द्यायची नसेल तर त्यांनाही ती नको आहे. पुढे त्यांची खाजगी कागदपत्रं केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजात गेली. नकाराची किंमत विद्यापीठालाही मोजावी लागते, ती अशी.

केंब्रिजमध्ये १९९२ मध्ये फ्रेंच विचारवंत जाक देरिदा यांच्यावरून असाच वाद झाला. आक्षेप राजकीय नव्हता. देरिदांचं लेखन तत्त्वज्ञान म्हणावं इतकं स्पष्ट आणि काटेकोर आहे का, असा प्रश्न होता. देशोदेशीच्या तत्त्वज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये विरोधाचं पत्र लिहिलं. मतदान झालं, ३३६ विरुद्ध २०४ अशा फरकाने देरिदा जिंकले आणि त्यांनी पदवी स्वीकारली. त्यांची पदवी मला त्या वर्षीच्या बाकी पदव्यांपेक्षा जास्त खरी वाटते. ती वादातून तावूनसुलाखून निघाली होती.

अमेरिकेत या बाबतीत वेगळीच तऱ्हा आहे. तिथे अंतिम शब्द बहुधा विश्वस्तांचा असतो, आणि विश्वस्तांना देणगीदार सांभाळायचे असतात. इमारतीवर ज्याचं नाव आहे त्याच्या खांद्यावर काही वर्षांनी झगाही चढतो, यात तिथे कोणाला नवल वाटत नाही. समारंभाला एखादा बडा वक्ता हवा असतो आणि मानधनाच्या जोडीला पदवी देता येते. हार्वर्डने १८३३ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना पदवी दिली तेव्हा माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स रागाने समारंभाला गेलेच नाहीत. स्वतःचं नाव धड लिहिता न येणाऱ्याचा आपल्या विद्यापीठाने सत्कार करावा, हे त्यांना सहन झालं नाही. नोत्रदाम विद्यापीठाचे अध्यक्ष थिओडोर हेसबर्ग यांना दीडशे मानद पदव्या मिळाल्या आणि त्याची नोंद विक्रमांच्या पुस्तकात झाली. १९९६ मध्ये लाँग आयलंड विद्यापीठाच्या साउथॅम्प्टन कॉलेजने तर दूरचित्रवाणीवरच्या कर्मिट नावाच्या कापडी बेडकाला ‘उभयचर साहित्या’ची डॉक्टरेट देऊन टाकली. निदान त्या बेडकाने विद्यापीठाकडून काही अनुदान मागितलं नाही.

याच देशात मानद पदवी अजिबात न देणारी विद्यापीठंही आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे संस्थापक विल्यम रॉजर्स यांना ही प्रथा म्हणजे गाजावाजा झालेल्यांना विद्येच्या नावाने घातलेली भीक वाटत असे. त्या संस्थेने तेव्हापासून हा दरवाजा बंदच ठेवला आहे. स्टॅनफर्डही देत नाही. कॉर्नेलने १८८६ मध्ये दोघांना दिली आणि मग ते थांबलं. जगातलं नामांकित विद्यापीठ होण्यासाठी मानद पदव्या वाटाव्या लागत नाहीत, एवढं तरी यावरून म्हणता येतं.

पद आणि कर्तृत्व यांची फारकत किती सरळपणे करता येते याचं उदाहरण २००९ चं आहे. बराक ओबामा नुकतेच अध्यक्ष झाले होते आणि अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात भाषण करणार होते. पदवी मात्र विद्यापीठाने दिली नाही. मानद पदवी आयुष्यभराच्या कामासाठी असते आणि यांचं काम अजून व्हायचं आहे, असं कारण दिलं. त्यावरून देशभर टीका झाली, विद्यापीठाने घाईघाईने एका शिष्यवृत्ती योजनेला त्यांचं नाव दिलं, आणि ओबामांनी भाषणात त्यावर हसत टोले मारले. टीका होणं स्वाभाविक होतं, कारण बाकीची विद्यापीठं हा नियम पाळत नव्हती. त्याच महिन्यात नोत्रदामने त्यांना पदवी दिलीच, आणि ती गर्भपाताच्या प्रश्नावरून कॅथलिक मंडळींचा विरोध पत्करून दिली. तरीही अॅरिझोनाचं कारण कारण म्हणून बिनतोड होतं, असं माझं मत आहे.

आपल्याकडचा एक समारंभ मात्र थोडा जवळून पाहण्याजोगा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांना ऑक्सफर्डची डॉक्टरेट द्यावी असा विचार १९१२-१३ च्या सुमारासच काही इंग्रज मित्रांच्या मनात आला होता. तेव्हा ऑक्सफर्डचे कुलपती होते लॉर्ड कर्झन, बंगालच्या फाळणीचे कर्ते. ठाकुरांपेक्षा मोठी माणसं हिंदुस्थानात आहेत असं सांगून त्यांनी तो विषय बाजूला सारला, असं रवींद्रनाथांचे स्नेही, चित्रकार विल्यम रोथेनस्टाइन यांनी लिहून ठेवलं आहे. काही महिन्यांतच नोबेल जाहीर झालं आणि १९१३ सरण्याआधी कोलकाता विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. ऑक्सफर्डला जाग यायला आणखी सत्तावीस वर्षं लागली. तोवर कवी एकोणऐंशी वर्षांचे झाले होते, तब्येत ढासळली होती, युरोपात युद्ध पेटलं होतं. त्यामुळे विद्यापीठच कवीकडे आलं. ७ ऑगस्ट १९४० रोजी शांतिनिकेतनच्या सिंह सदनात ऑक्सफर्डची खास सभा भरली. फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर आणि सर्वपल्ली राधाकृष्णन विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून आले. ऑक्सफर्डच्या शिरस्त्याप्रमाणे मानपत्र लॅटिनमध्ये वाचलं गेलं. रवींद्रनाथांनी उत्तर दिलं ते संस्कृतमध्ये. दोन्ही बाजूंनी आपापली शास्त्राची भाषा काढली आणि बरोबरीचा मामला झाला. बरोबर एका वर्षाने, ७ ऑगस्ट १९४१ रोजी, रवींद्रनाथ गेले.

उशिरा देणं हा आपल्या विद्यापीठांचाही जुना दोष. भांडारकरांना जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्येच मानद पीएच.डी. दिली होती. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांपैकी ते एक, त्याच विद्यापीठाचे कुलगुरूही होऊन गेलेले, पण मुंबईची पदवी आली ती एकोणीस वर्षांनी. दादाभाई नौरोजींना एलएल.डी. मिळाली १९१६ मध्ये, वयाच्या नव्वदीत. पुढच्याच वर्षी ते वारले.

सर्वांत लांबची वाट पाहिली धोंडो केशव कर्वे यांनी. ‘पाहिली’ हे आपलं म्हणायचं. ते काही वाट पाहत बसणारे गृहस्थ नव्हते. मुंबई विद्यापीठाचे ते १८८४ चे बी.ए. पुढे विधवाविवाह केला, मुरूडच्या लोकांनी वाळीत टाकलं, हिंगण्याला आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. मानद पदव्या सुरू झाल्या त्या १९४२ मध्ये, आणि पहिली दिली बनारस हिंदू विद्यापीठाने. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. १९५१ मध्ये पुणे विद्यापीठाची डी.लिट. आली, १९५४ मध्ये त्यांनीच स्थापलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने त्यांचा सन्मान केला आणि १९५७ मध्ये मुंबई विद्यापीठाने एलएल.डी. दिली. बी.ए. झाल्यानंतर त्र्याहत्तर वर्षांनी, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी! पुढच्या वर्षी भारतरत्न मिळालं. माणूस शंभरी ओलांडून जगला म्हणून विद्यापीठांची अब्रू राहिली.

बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाने एलएल.डी. दिली तो काळ पाहण्यासारखा आहे. १९५१ च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. १९५२ च्या सुरुवातीला पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते पडले होते. नव्या राज्यसभेत ते विरोधी बाकांवर होते. म्हणजे ५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांना पदवी मिळाली तेव्हा त्यांच्या हातात कोणतंही सत्तेचं पद नव्हतं. कोलंबियाने थोर समाजसुधारक आणि मानवी हक्कांचा खंदा पाठीराखा म्हणून त्यांचा गौरव केला. त्यांची पीएच.डी.ही याच विद्यापीठाची, अभ्यास करून मिळवलेली. पुढच्या जानेवारीत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने डी.लिट. दिली. पदाची झूल उतरल्यावरही जी पदवी देता येते ती कर्तृत्वाची, अशी साधी कसोटी लावायची तर कोलंबियाचा निर्णय तिच्यावर चोख उतरतो.

आता आजच्या दीक्षान्त समारंभांकडे वळलं की हीच कसोटी अडचणीची वाटू लागते. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. कुलगुरूंची नेमणूक त्यांच्या सहीने होते, निधी सरकारकडून येतो, जागा भरायला मंत्रालयाची परवानगी लागते. अशा वेळी कुलगुरूंच्या टेबलावर एखाद्या सत्ताधाऱ्याचं नाव आलं तर ‘नको’ कोण म्हणणार? विद्यापीठाच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा प्रवास सांगायला नको. कार्यक्रमपत्रिकेत सगळे विषय क्रमाने असतात, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने येणारा ‘ऐनवेळचा विषय’ असतो. नाव तिथून आलं की परिचयपत्र वाचायला कोणाला वेळ मिळत नाही. बाकं वाजतात, ठराव ‘सर्वानुमते’ होतो. दोन-तृतीयांश मतांची अट कागदावर पाळली जाते, फक्त मत कोणी दिलेलं नसतं.

शरद पवार आणि नितीन गडकरी यांना ऑक्टोबर २०२१ मध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने डॉक्टर ऑफ सायन्स दिली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने डी.लिट. दोन्ही नावांमागे मोठं काम नाही असं कोणी म्हणणार नाही. पवारांचा शेती आणि सहकाराशी अर्धशतकाचा संबंध आहे, आणि मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला तो तेच मुख्यमंत्री असताना, रोष पत्करून. एखाद्या विद्यापीठाला ही ठोस आणि स्वतःची कारणं सांगता येतात, आणि ती मानपत्रात ठळकपणे यायला हवीत. पण वेगवेगळ्या पक्षांतले दोन वजनदार नेते एकाच मंचावर, दोनदा, जोडीने गौरवले जातात तेव्हा पाहणाऱ्याला कर्तृत्वाआधी तोल सांभाळल्याचाच भास होतो. औरंगाबादच्या समारंभात राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी शिवाजी महाराजांबद्दल जे विधान केलं त्याने राज्यभर गदारोळ उठला, आणि पदव्या कोणाला मिळाल्या हे लोक विसरूनही गेले. मार्च २०२३ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील विद्यापीठाने डी.लिट. दिली. ते अभिमत विद्यापीठ. तिथे राज्यपाल कुलपती नसतात, अधिसभा म्हणजे सिनेट नसते. मुख्यमंत्री होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. अॅरिझोनाचं कारण इथे लागू पडलं असतं.

तमिळनाडूत या गोष्टीने एकदा हिंसक वळण घेतलं होतं. १९७१ मध्ये अण्णामलै विद्यापीठाने मुख्यमंत्री करुणानिधींना डॉक्टरेट द्यायचं ठरवलं. विद्यार्थ्यांनी विरोध केला, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि त्याची चौकशी करावी लागली. करुणानिधींच्या नावाआधी ‘डॉ.’ लागलं ते कायमचं.

या ‘डॉ.’चं आपल्याकडे भलतंच आकर्षण आहे. मानद पदवी मिळालेल्याने नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, हा जगभरातल्या विद्यापीठांचा सर्वसाधारण संकेत. आपल्याकडे तो कोणी मनावर घेत नाही. अब्दुल कलामांना सगळा देश डॉ. कलाम म्हणायचा. त्यांचं औपचारिक शिक्षण विमानविद्येच्या अभियांत्रिकीचं होतं, डॉक्टरेट सगळ्या मानद. कलामांच्या बाबतीत कोणाला खटकलं नाही, खटकण्याचं कारणही नव्हतं. पण गल्लीतल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट झळकणारं ‘डॉ.’ पाहिलं की पुरवठा कुठून होतो हा प्रश्न पडतो. उत्तर तारांकित हॉटेलांच्या सभागृहांत आहे. ‘आंतरराष्ट्रीय’, ‘जागतिक’, ‘शांतता’ असे शब्द नावात असलेल्या संस्था तिथे एका दिवसात कित्येकांना डॉक्टर करतात. झगा आणि टोपी आयोजक देतात, ‘नोंदणी शुल्क’ सत्कारमूर्ती देतो, फोटो दोघंही वापरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं बाविसावं कलम सांगतं की पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा मान्यता मिळालेल्या विद्यापीठांनाच आहे. आयोग बोगस विद्यापीठांची यादीही जाहीर करतो. पण पदवी विकत घेणाऱ्याला ती नोकरीसाठी नकोच असते, त्यामुळे ती बोगस ठरली काय आणि नाही काय, फ्लेक्सला फरक पडत नाही.

या गर्दीत नकार देणारे उठून दिसतात. २०१७ मध्ये बंगळुरू विद्यापीठाने राहुल द्रविडला मानद डॉक्टरेट जाहीर केली. त्याने आभार मानले आणि सांगितलं की क्रीडा क्षेत्रात संशोधन करून ती मिळवायला आवडेल. सचिन तेंडुलकरनेही २०१८ मध्ये जादवपूर विद्यापीठाची डी.लिट. नम्रपणे नाकारली, न कमावलेली पदवी घेणं आपल्या तत्त्वात बसत नाही, असं कळवलं. दोघंही मराठी घरांतले, दोघांनाही धावा एकेक करून जमवायची सवय. बनारस हिंदू विद्यापीठाने २०१६ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना एलएल.डी. देऊ केली तेव्हा अशा पदव्या न घेण्याचं धोरण असल्याचं सांगून त्यांनीही ती घेतली नाही. अमिताभ बच्चन यांनी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी नाकारली त्याचं कारण वेगळं होतं. तिथे भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होत होते. विद्यापीठाच्या सभागृहात जो नकार निघायला हवा तो घेणाऱ्याकडून निघतो आहे, हे मात्र थोडं उलटंच आहे.

दिलेली पदवी परत घेता येते का? येते, पण जड जातं. झिंबाब्वेचे रॉबर्ट मुगाबे यांना एडिंबरा विद्यापीठाने १९८४ मध्ये गौरवलं होतं, तेव्हा ते वसाहतवाद संपवणारे नेते होते. २००७ मध्ये विद्यापीठाने पदवी काढून घेतली, आणि पाठोपाठ अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांनीही. अमेरिकी अभिनेते बिल कॉस्बी यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप आल्यावर तिथल्या अनेक विद्यापीठांनी त्यांच्या पदव्या रद्द केल्या. सत्तेवर असलेल्या माणसाला पदवी देण्यातला धोका इथे कळतो. त्याचं चरित्र अजून लिहून व्हायचं असतं आणि विद्यापीठ आधीच शेवटच्या पानावर सही करून बसतं.

उपाय म्हणून मला फार काही सुचवायचं नाही. मंत्रिपदावर असलेल्या व्यक्तीचं नाव पद सोडल्यावर तीन-चार वर्षं घ्यायचं नाही. नाव ऐनवेळी आणायचं नाही; महिनाभर आधी सदस्यांच्या हाती कामाच्या टिपणासकट द्यायचं. मतदान गुप्त घ्यायचं आणि आकडा छापायचा. आणि वर्षातलं निदान एक नाव असं असावं की ज्याच्यासाठी मंडपात पोलीस बंदोबस्त लागणार नाही: बियाणं जपणारी एखादी शेतकरी बाई, लोककलेतला एखादा जुना जाणकार, तालुक्याच्या गावी ग्रंथालय चालवणारा एखादा. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना कायदा बदलावा लागत नाही, व्यवस्थापन परिषदेचा एक ठराव पुरतो.

तोवर वाचकाच्या हातात एक साधन आहेच. सार्वजनिक विद्यापीठ माहिती अधिकाराच्या कक्षेत येतं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. मानद पदवीचा ठराव कोणत्या तारखेला मांडला, तो मूळ कार्यक्रमपत्रिकेत होता की ऐनवेळी आला, सूचक-अनुमोदक कोण, बैठकीला किती सदस्य हजर होते आणि किती जणांनी विरोध नोंदवला, एवढे पाच प्रश्न विचारता येतात. इतिवृत्ताची प्रमाणित प्रतही मागावी.